बंद दरवाजाबाहेरचे शिपाई

माझ्या आजोळच्या ओसरीला एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात कान तुटलेला, फिकट निळ्या काठाचा एक कप पालथा घातलेला असे. तो घरातल्या कपबशांत कधी मिसळत नसे आणि तो कुणाचा हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. तो हवालदारांचा कप. हवालदार महिन्यातून दोनदा तरी येत. इस्त्रीची खाकी पँट, पांढरा सदरा, मिशा कापून नीट केलेल्या. आजोबा त्यांना सरकारी कागद वाचायला बोलावीत. तहसिलीतून इंग्रजीत काही आले की साऱ्या गावात ते वाचून समजावून सांगणारा हा एकच माणूस होता. हवालदार ओसरीच्या खालच्या पायरीवर बसत, चष्मा लावत, कागद वाचत, अर्थ सांगत. मग मी किटली घेऊन जाई आणि वरून, अंतर राखून, त्या कपात चहाची धार सोडी. चहा झाला की ते कप स्वतःच विसळून कोनाड्यात पालथा घालीत. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. म्हणजे साल १९८० च्या आसपासचे. यात काही वावगे आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो.

हवालदार १९४३ साली काम्पटीला भरती झाले होते आणि ब्रह्मदेशात जाऊन आले होते. एकदा मी त्यांना विचारले, "तिथं तुमी कायच्यात चाय पेत होते?" ते हसले आणि म्हणाले, "तिथं समद्यायचे मगे एकसारखेच होते जी, बाबू. लोखंडाचे."

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. तीस वर्षे तो शिकवला. परंतु त्या लोखंडी मग्याचा इतिहास मला कोणत्याही नेमलेल्या पुस्तकात सापडला नाही. तो जसजसा हाती लागला तसतसा येथे मांडतो आहे. मात्र त्यासाठी आधी वाचकांना जरा दूर, अमेरिकेला यावे लागेल.

कार्ल ब्रेशिअर हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. २००० साली त्याच्या आयुष्यावर 'मेन ऑफ ऑनर' नावाचा चित्रपट निघाला, तो टीव्हीवर अधूनमधून लागतो. चित्रपटवाल्यांनी बरेच तिखटमीठ लावले आहे, पण मूळ हकिगतीला तशी तिखटामिठाची गरज नव्हती. १९३१ च्या जानेवारीत केंटकी राज्यातील टोनीव्हिल या खेड्यात, बटाईने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. शिक्षण सातवीपर्यंत. फेब्रुवारी १९४८ मध्ये, सतराव्या वर्षी, तो अमेरिकेच्या नौदलात शिरला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २६ जुलै १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात वंशावरून भेद होऊ नये असा हुकूम काढला. हुकूम निघाला तरी जहाजावरचे जग लगेच बदलले नाही. काळ्या माणसाला नौदलात जागा होती ती बहुतेक 'स्ट्यूअर्ड' शाखेत. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात ताटे मांडायची, बिछाने घालायचे, बूट पुसायचे. ब्रेशिअरलाही तेच काम मिळाले.

जहाजावर एकदा त्याने पाणबुड्याला खोल पाण्यात उतरताना पाहिले आणि याच कामाचा त्याला ध्यास लागला. त्या काळचा पाणबुड्याचा पोशाख म्हणजे तांब्याचे गोल शिरस्त्राण, रबरी कापडाचा अंगरखा, छातीवर शिसे, पायात शिशाचे जोडे. सारे मिळून दोनशे पौंडांच्या घरात वजन. वरून नळीने हवा सोडायची. नळी गुंतली, वरच्या माणसाचे लक्ष चुकले, किंवा घाईने वर ओढले, तर खेळ खलास. आमच्या वैनगंगेच्या डोहात बुडालेल्याला काढायला ढिवर उतरतो तेव्हा तो निदान स्वतःच्या श्वासावर उतरतो. या विद्येत श्वासही दुसऱ्याच्या हाती. आणि म्हणूनच तिथे काळा माणूस नको होता. वर पंपापाशी बसलेल्या गोऱ्याने खालच्या काळ्याचा जीव सांभाळायचा किंवा त्याच्या उलट, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

ब्रेशिअरने अर्जांवर अर्ज केले. शेवटी न्यू जर्सीतील बेयॉन येथील पाणबुड्यांच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला. तिथे त्याच्या बिछान्यावर चिठ्ठ्या येऊन पडत. आज तुला बुडवणार, अशा अर्थाच्या. १९५४ साली तो ती शाळा उत्तीर्ण झाला. अशी परीक्षा पार करणारा नौदलातला तो पहिला काळा माणूस. पुढे वरच्या दर्जाच्या परीक्षेत तो एकदा नापासही झाला. तिथे गणित आणि पदार्थविज्ञान लागत होते आणि याचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुन्हा पुस्तके घेऊन बसला आणि १९६४ मध्ये उत्तीर्ण झाला. मास्तर म्हणून मला त्याच्या पहिल्या यशापेक्षा ही नापाशी अधिक जवळची वाटते.

पुढची गोष्ट स्पेनमधल्या पालोमारेस गावची. १७ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेचे एक बाँबफेकी विमान आणि त्याला इंधन पुरवणारे विमान आकाशात एकमेकांवर आदळले. चार हायड्रोजन बाँब खाली आले. तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात गेला. त्याच्या शोधात गुंतलेल्या 'होइस्ट' या जहाजावर ब्रेशिअर होता. २३ मार्च रोजी सामान वर ओढताना दोर ताणून सुटला आणि एक लोखंडी नळकांडे सुसाट आले. इतरांना बाजूला ढकलताना ते ब्रेशिअरच्या डाव्या पायावर बसले. अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुणालाही वाटेल, संपले. या माणसाने कृत्रिम पाय लावून धावायला सुरुवात केली. खुंटातून रक्त येई. इस्पितळात गेलो तर कायमचे घरी पाठवतील या भीतीने तो गरम पाण्यात मीठ टाकून बादलीत खुंट बुडवून बसे. १९६८ साली त्याला पुन्हा पाणबुड्याचे काम मिळाले. अवयव गमावूनही नौदलात परत पाणबुड्या झालेला तो पहिला. १९७० मध्ये तो 'मास्टर डायव्हर' झाला, म्हणजे त्या विद्येतली सर्वोच्च पायरी, आणि तिथवर पोचलेलाही तो पहिलाच काळा माणूस. १९७९ मध्ये तो निवृत्त झाला. २००६ साली वारला.

ही हकिगत मी दहावीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्याकडं असा कोणी नाही का?" मी पटकन म्हणालो, आपल्याकडे काळा-गोरा भेद नव्हता. वर्गात कुणी काही बोलले नाही. ती मुलगी खाली बसली. घरी येताना सायकलवर मला तो कोनाडा आठवला आणि माझ्या उत्तराची लाज वाटली.

आपल्याकडे असा 'कोणी' नाही हे खरे, कारण आपल्याकडे एका माणसाला अडवले नव्हते. एक अख्खी जमात सैन्याच्या दारातून परत पाठवली होती, आणि तीही आत शंभर-सव्वाशे वर्षे चाकरी करून झाल्यावर.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा भरणा सुरुवातीपासून मोठा होता. इंग्रजी कागदांत त्यांना 'परवारी' म्हटलेले आढळते. बंगालच्या फौजेत उच्चवर्णीय शिपायांचा जोर. समुद्र ओलांडला की जात जाते या भयाने तिथे वारंवार तंटे झाले. १८२४ मध्ये बराकपूरला ब्रह्मदेशच्या स्वारीवर जाण्यावरून बंड झाले, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक होते. मुंबई फौजेला ही अडचण भासली नाही. कंपनीच्या जहाजांवर चढून काम करणारी 'मरीन बटालियन' याच फौजेत होती, आणि तिच्यात हे परवारी शिपाई होते. ब्रेशिअरला ज्या समुद्रावर येऊ देत नव्हते त्याच समुद्रावर आमचा हा शिपाई आधीच जाऊन आला होता, कारण त्याला बाटण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नव्हते.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई सर्वांना ठाऊक आहे. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालचे सुमारे पाचशे पायदळ, थोडे घोडेस्वार आणि मूठभर तोफखाना दिवसभर पेशव्याच्या फौजेशी झुंजला. तिथे उभारलेल्या स्तंभावर मृतांची जी नावे आहेत त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. या लढाईवरून आजही माणसे हमरीतुमरीवर येतात. इंग्रजांच्या बाजूने लढणे हा पराक्रम कसा, असा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीतही विचारला गेला आहे. माझे उत्तर असे, की त्या काळी पगार देईल त्याच्या बाजूने लढणे हा सर्वच जातींच्या शिपायांचा धंदा होता. पेशव्यांच्या बाजूनेही अरब लढत होते. हा प्रश्न फक्त स्तंभावरच्या बावीस नावांनाच का विचारावा, एवढेच मी उलट विचारतो. असो.

लढायांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती छावणीतली शाळा. पलटणीतल्या शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी सैन्याच्या शाळा असत. गावातल्या शाळेची पायरी ज्याला चढता येत नव्हती त्याची मुले, मुलीसुद्धा, इथे वाचायला शिकली. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे अशाच सैन्याच्या शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. आमच्या मध्य प्रदेशातल्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले, त्याचे नाव भीमराव. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मला हा योगायोग नेहमी थोडा संकोच देतो. भिंतीवरच्या तसबिरीला आम्ही दरवर्षी हार घालतो, पण त्यांचे वडील आपल्याच व्यवसायातले होते हे आमच्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

भीमराव एक वर्षाचा झाला आणि दार लागले. १८९२ मध्ये हिंदी सैन्यात जातवार पलटणी करण्याचे ठरले आणि महारांची भरती थांबवण्यात आली. यामागे 'लढाऊ वंश' नावाचा सिद्धांत होता. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. शीख, गुरखा, पठाण हे जन्मतःच लढवय्ये, आणि दक्षिणेकडच्या लोकांत ते पाणी नाही, असा हा हिशेब. वाचकांनी शब्दाकडे लक्ष द्यावे. इंग्रजांनी 'जात' म्हटले नाही, 'वंश' म्हटले. मघाशी मी वर्गात आपल्याकडे वंशभेद नव्हता म्हणालो ते कसे चुकीचे होते ते येथे कळते. आपल्या जातीला त्यांनी वंशाची टोपी घातली, आणि आपल्यातल्या वरच्यांना ती टोपी सोयीचीच होती. खालच्या जातीच्या सुभेदाराला वरच्या जातीचा शिपाई सलाम कसा करील, ही सबब पुढे करायला इंग्रजाला गोरा माणूस शोधावा लागला नाही. तो सलाम न करणारा शिपाई आपल्यातलाच होता.

नोकरी गेली एवढाच याचा अर्थ नव्हता. पगार गेला, पेन्शन गेली, छावणीतले घर गेले आणि त्याबरोबर शाळाही गेली. माणूस गणवेश उतरवून गावी परतला की वेशीबाहेरची जागा त्याची वाट पाहत असे. रामजी सुभेदारांच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागले आणि शाळेचा शिपाई हजर नसला तर तहानलेले राहावे लागले. सैन्यातल्या सुभेदाराचा मुलगा शाळेतल्या शिपायावाचून पाणी पिऊ शकत नव्हता, यापुढे मी काय लिहू? १९०१ साली ही भावंडे वडिलांना भेटायला चांगल्या कपड्यांत मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळताच त्याची मुद्रा पालटली. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

मग सुरू झाला अर्जांचा इतिहास. याला ब्रेशिअरच्या अर्जांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागली. १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला राहून लिहू लागले. 'विटाळ विध्वंसन' हे त्यांचे प्रश्नपत्रच होते. प्रश्न सारे धर्ममार्तंडांना. भरतीबंदीविरुद्ध त्यांनी विनंतिअर्ज तयार केला. त्यात आपण मूळचे क्षत्रिय, असेही मांडले होते. आज हे वाचताना वाईट वाटते, की माणसाला बंदूक धरता येते हे सिद्ध करायला शंभर वर्षांच्या लढाया पुरल्या नाहीत, त्याला वंशावळ जोडावी लागली. पण ज्या दरबारात 'वंश' हेच नाणे चालते तिथे तो दुसरे काय देणार?

आणखी एक अर्ज आहे, त्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जानेवारी १९४३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात बोलताना बाबासाहेबांनी सांगितले, की तरुणपणी वडिलांची जुनी कागदपत्रे चाळताना त्यांना एक प्रत मिळाली. १८९२ च्या भरतीबंदीविरुद्ध एका महार अंमलदाराने सरकारकडे केलेल्या तक्रारीची ती प्रत होती. चौकशी करता कळले, की तो मसुदा रानड्यांनी लिहून दिला होता. बाबासाहेबांचे रानड्यांशी मतभेद नव्हते असे नाही. परंतु ज्या कागदावर दुसऱ्या कुणाचे नाव आहे तो कागद कुणी लिहून दिला हे त्यांनी भर सभेत सांगितले. उपकार उघड मान्य करायला मोठे मन लागते, आणि आपले नाव न घालता दुसऱ्याचा अर्ज लिहून द्यायलाही.

पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांचे नाव तर शाळेच्या पुस्तकात यायलाच हवे. हे गृहस्थ पुण्यातल्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. सैन्याचे दार बंद झाल्यावर साहेबाच्या मेजापाशी उभे राहणे हीच चाकरी अनेकांच्या वाट्याला उरली होती. ब्रेशिअर जिथून निघाला त्याच जागी, ताटे मांडण्याच्या जागी, हे नेऊन उभे केले गेले होते. कांबळे तिथेच स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकले. १९०३ साली सासवडला त्यांनी एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवली आणि मुंबई सरकारकडे अर्ज केला. १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' मासिक चालवले. १९१० साली थेट विलायतेत भारतमंत्र्याकडे निवेदन धाडले. मागणे काय? पोलिसात घ्या, सैन्यात घ्या. आमचे बाप-आजे तुमच्यासाठी मेले, आम्हालाही संधी द्या. उत्तरे आली ती मेजवरच्या थंड सूपासारखी.

दार उघडले ते अर्जाने नव्हे, तोफांनी. पहिल्या महायुद्धात माणसे अपुरी पडू लागली तेव्हा 'लढाऊ वंश' बाजूला ठेवून १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये पलटण मोडून टाकली. गरज असेल तेव्हा शूर, नसेल तेव्हा अस्पृश्य. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याची परिषद भरली तेव्हा पेन्शनर शिपाई मोठ्या संख्येने आले होते, आणि तिथल्या भाषणातही बाबासाहेबांनी भरतीबंदीने झालेल्या नुकसानीचा हिशेब मांडला. तळ्याकडे शिस्तीत निघालेल्या त्या मिरवणुकीची चाल कुठे शिकलेली होती, हे निराळे सांगायला नको.

नौदलाची गोष्ट थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर हिंदी खलाशांनी संप पुकारला. त्याची ठिणगी वाईट अन्न आणि गोऱ्या कमांडरच्या वंशावरून दिलेल्या शिव्या हीच होती. तेव्हा तो अपमान साऱ्या देशाला झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. पण वंशाच्या नावाने केलेला १८९२ चा अपमान कुणालाच का झोंबला नाही?

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेबांची नेमणूक झाली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा माणसांची गरज. पण या वेळी दाराशी अर्जदार नव्हता, समितीत बसलेला सुभेदाराचा मुलगा होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये दुसरी, आमच्या जवळच्या काम्पटीला. टोपीच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

काम्पटीच्या या बटालियनमुळे आमच्या भागाची गोष्ट वेगळी झाली. कोकण-देशावरच्या महारांना सैन्याची जुनी परंपरा होती. तिकडे दार 'पुन्हा' उघडले. वैनगंगेच्या खोऱ्यातला महार बहुधा जाडेभरडे लुगडे-धोतर विणणारा, नाहीतर गावचा कोटवार. मुंबई फौजेचे वारे त्याच्यापर्यंत आले नव्हते. त्याच्यासाठी हे दार पहिल्यांदाच उघडले. आमचे हवालदार त्यातलेच. माग चालवणाऱ्याचा मुलगा. रोमन लिपी ते बराकीत शिकले.

पुढचे सर्वांना थोडेबहुत माहीत आहे. पहिली व तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर राहिली, दुसरी ब्रह्मदेशात लढली. १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांचे काफिले हिने सांभाळले. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले. १९६३ पासून ती पायदळाची रेजिमेंट आहे आणि तिचे केंद्र आमच्याच राज्यात, सागरला आहे. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती तिच्यातून आले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. यांतले पहिले दोघेही आणि मेजर परमेश्वरनही महार नव्हते, मराठीभाषकही नव्हते. नाव एका जमातीचे, आणि आत सारा देश. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी आपल्या नावाच्या घरात कुणाला यायला मज्जाव केला नाही.

हवालदार १९९१ साली गेले. मी तेव्हा शिकायला नागपुरास होतो. आजी सांगत होती, त्यांच्या अंत्ययात्रेला आजोबा गेले होते, पण नदीपर्यंत नाही, वेशीपर्यंत. पुढे घर पाडून नवे बांधले तेव्हा कोनाडा गेला. कपाचे काय झाले कुणाला सांगता येईना. मी दोघा-तिघांना विचारले, तर असा काही कप होता हेच त्यांना आठवेना.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच नात्यातला एक मुलगा, माझ्याच शाळेतून बारावी झालेला, भरतीत निघाला. पहाटे चारला उठून पुलापर्यंत धावायचा. त्याला सागरचे बोलावणे आले. चारित्र्याच्या दाखल्यावर सही घ्यायला तो आईसह आला. आई जरा घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "गुरुजी, पलटणीचं नाव बदलून घेता येते का जी? लोक इचारतात, तं का सांगाव?" मुलगा खाली मान घालून उभा होता. मी तिला बसायला सांगितले, चपराशाकरवी तीन चहा मागवले आणि हवालदारांची गोष्ट सांगितली. कोनाड्याची, कपाची, वरून धार सोडणाऱ्या पोराचीही. तो पोरगा कोण हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. चहा मात्र निवून गेला.

या वर्षी मे महिन्यात त्यांच्या घरी लग्नपत्रिका द्यायला गेलो होतो. बैठकीत समोरच्या भिंतीवर मुलाचा शपथविधीचा मोठा फोटो लावला आहे. काच लख्ख पुसलेली, हार ताजा नव्हता पण धूळही नव्हती. खांद्यावरची अक्षरे स्पष्ट वाचता येतात. मी फोटोकडे पाहतो आहे हे पाहून ती माउली आतून म्हणाली, "सुट्टीवर येणार हाये दिवाळीले. चाय ठेवतो, बसा."